हजेरीचं मी पाहतो

एकोडी,
१० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मोठे बाबांस रिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन केला होता. धर्मेंद्रदादाने तो तुमच्या कानाशी धरला, मी इकडे घसा फोडून ओरडले, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवण झालं." म्हणून आता पत्र. कानाचं यंत्र तुम्ही घालणार नाही, मोबाइलवरचं वाचणार नाही, मग पुतणीने करावं तरी काय?

काम असं आहे. आपल्या शाळेला पन्नास वर्षं झाली. एक फेब्रुवारीला सोहळा ठरला आहे. त्या निमित्ताने सुव्हेनिअर काढायचं आहे आणि इंग्रजीची बाई म्हणून संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. समितीचे अध्यक्ष आहेत भुपेंद्रभाऊ. तुमच्याच हातचा मार खाल्लेले, आता तांदळाचे व्यापारी आणि संस्थेचे सचिव. ते म्हणाले, "पहिले गुरुजी आतालोक धडधाकट हायेत, त्यायच्याकडून दोन पानं घे. पण गोड गोड लिवाले सांग."

तर गोड गोड दोन पानं हवीत. डिसेंबर संपायच्या आत. मागच्या पानांवर माजी विद्यार्थ्यांची यादी येणार आहे, तुमच्या लक्षात असलेली नावंही कळवा. मोठी आई असती तर तिनेच तुम्हाला लिहायला बसवलं असतं.

तुमची,
रिता

---

वरठी,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. रितास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधार. बाईचंच असं, तर पोरांचं काय असेल ते दिसतंच आहे.

भुपेंद्रला एकदा विचार, सुव्हेनिअर म्हणजे काय. तो म्हणेल, जाहिरातींचं पुस्तक. त्याचं चुकत नाही म्हणा. हा शब्द मूळचा फ्रेंच. तिकडे ते क्रियापद होतं, आठवणे. त्याच्याही मागे लॅटिन आहे आणि तिथे अर्थ आहे खालून वर येणे. तळाशी बसलेलं काहीतरी आपणहून मनात वर येतं, ते. इंग्रजांनी शब्द घेतला तेव्हा आरंभी नुसती आठवण एवढाच त्याचा अर्थ होता. थोड्याच वर्षांत त्याचा अर्थ आठवणीसाठी दिलेली वस्तू असा झाला. मग भेट द्यायची नक्षीदार पुस्तकं त्या नावाने निघाली, मग सहलीच्या गावच्या दुकानांतल्या बशा आणि बाहुल्या आल्या. पहिल्या महायुद्धात शिपायांनी तर कहर केला. मेलेल्याच्या अंगावरचं घड्याळ, बिल्ला, टोपी काढून घ्यायची आणि म्हणायचं, सुव्हेनिअर केलं. म्हणजे सरळ उचलेगिरी! आणि आपल्याकडे तो शब्द आला तो शुभेच्छा संदेशाने उघडणारं आणि कृषी केंद्राच्या जाहिरातीने मिटणारं पुस्तक होऊन. यात आठवण कुठे सांडली, हे कोणी विचारत नाही.

मी लिहीन. पण एका अटीवर. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत कुंताचं नाव छापायचं. तुमच्या शाळेत पोषण आहार शिजवते, ती कुंताबाई. तुम्ही सगळे तिला चुलीजवळ पाहता, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. १९७५ साली पाचवीच्या पहिल्या वर्गात जी पोरं बसली, त्यांत ती होती. इंग्रजीत तिच्या आसपास कोणी नव्हतं, भुपेंद्र तर नव्हताच. पुढे नववीत तिचं शिक्षण सुटलं. परिस्थिती, दुसरं काय? पण नाव हवं. माझे आता किती दिवस राहिले? हे एक काम झालेलं पाहू दे.

तुझे,
मोठे बाबा

---

एकोडी,
२९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मोठे बाबांस नमस्कार.

कुंताबाई तुमची विद्यार्थिनी! मी सहा वर्षं त्यांच्या हातची खिचडी खाते आहे आणि मला हे माहीत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना सांगितलं, "मोठ्या बाबांनी तुमची आठवण काढली, तुम्ही इंग्रजीत पहिल्या होत्या म्हणाले." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाव का?" बहुतेक लाजल्या.

भुपेंद्रभाऊ मात्र आडवे आले. यादी फक्त दहावी झालेल्यांचीच, म्हणतात. मी म्हटलं, मग निदान नोंद तरी शोधते. १९७९ चं हजेरीपत्रक कपाटाच्या तळाशी सापडलं. तुमचं अक्षर लगेच ओळखलं. पण त्यातलं एक मला समजलं नाही. जुलै महिन्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, नववीच्या सातही मुलींच्या रकान्यांत आधी पेन्सिलची टिंबं आहेत. मग सहा जणींच्या टिंबांवर शाईने हजर केलेलं आहे. एकट्या कुंताबाईंची टिंबं तशीच राहिली आणि पुढे लाल शाईने लिहिलंय, "सतत गैरहजर. नाव कमी."

सहा जणी हजर आणि एकच गैरहजर, हे असं कसं? लेखात याबद्दल दोन ओळी लिहिल्या तर भुपेंद्रभाऊंना समजावणं मला सोपं जाईल.

रिता

---

वरठी,
८ डिसेंबर २०२५

चि. रितास आशीर्वाद.

मी तुला आठवणी लिहायचं कबूल केलं होतं, तू चौकशी लावलीस.

ऐक. रोवणीच्या दिवसांत आपल्या झाडीपट्टीतली कुठलीच पोरगी शाळेत नसते, तेव्हा तर नसायचीच. गावभरच्या बाया धानाच्या बांधीत, पोरी त्यांच्यासोबत. नियम पाळला असता तर दर ऑगस्टात वर्ग रिकामा झाला असता. म्हणून आम्ही मास्तर लोक पेन्सिलने टिंब द्यायचो आणि पोर परत आली की त्यावर शाईने हजर करायचो. कागदावर हे खोटं होतं, पण त्या खोट्याने कितीतरी पोरी दहावी झाल्या. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

कुंताची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी ती आमच्याच बांधीत रोवणीला होती. तुझ्या मोठ्या आईने तिला बोलावून घेतलं होतं, घरचा तो कारभार मी बघत नसे. आता माझ्याच शेतात राबणाऱ्या पोरीला मीच हजर दाखवायचं? गाव काय म्हणालं असतं? हेडमास्तर नवे होते, कडक होते. पंधरा दिवसांच्या वर गैरहजर, त्याचं नाव काढा, असा त्यांचा हुकूम होता. बाकीच्यांचं मी सांभाळलं. घरच्या माणसाला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून तिचं तेवढं खरं ते लिहिलं. प्रामाणिकपणाला कधी कधी किंमत पडते, बाई. पुढे तिच्या बापाने तिला नाकाडोंगरीला देऊन टाकली.

मी तिला विसरलो असं समजू नकोस. तिची इंग्रजीची वही अजून माझ्याजवळ आहे, दोनशे पानी, कापडी बांधणीची. अक्षर असं की तपासणीला येणारे साहेब हातात घेऊन बघत राहायचे. नोकरीभर प्रत्येक तपासणीत मी ती दाखवली. आदर्श शिक्षकाच्या सत्कारात मंचावरसुद्धा ती वही होती. सुव्हेनिअर म्हणायचं तर माझ्याजवळ ते एकच.

आता लेखाचं बघतो.

मोठे बाबा

---

एकोडी,
२० डिसेंबर २०२५

मोठे बाबा,

काल मी कुंताबाईंच्या घरी गेले होते. त्यांनी पाट दिला, चहा दिला. मी तुमच्या वहीचं सांगितलं, मोठ्या आईने त्यांना रोवणीला बोलावलं होतं तेही. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माही वही? गुरुजीजवळ? कायले?"

मग त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते. मला त्यात माझा एकही शब्द घालायचा नाही.

"शकुनबाईचं नाव कायले घेतेत? ते माय तं मेली बिचारी. गुरुजी सोता आमच्या आंगणात आले होते. माह्या बापाले म्हणले, बाया भेटून नाही राहिल्या, कुंताले आठ दिवस धाडा. मीच म्हणली, गुरुजी, शाळा बुडते. तं म्हणले, हजेरीचं मी पाहतो. मास्तरच म्हणते तं मंग काय भेव? मी गेली. आठाचे सोळा दिवस झाले. बांधी सरली, दुसऱ्या दिवशी न्हाऊन-धुवून शाळेत गेली. गुरुजी हजेरी घेऊन राहिले होते. माह्या आंधीचं नाव घेतलं, माह्या मांगचं घेतलं. माहं नाहीच. मले वाटलं, इसरले. मी उभी राहिली. बस नाही म्हणले, जा बी नाही म्हणले. घंटी होयेवर उभी होती. मंग घरी आली. वही मांगाले एक डाव गेली होती, तं म्हणले, साहेबाजवळ हाय, मंग ये."

मी विचारलं, "तुम्ही नंतर कधी बोलला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "कोनाले बोलू? पन्नास पावलावर तं त्यायचं घर होतं. त्यायले यायचं असतं तं आले असते."

नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या, तेव्हापासून या शाळेच्या चुलीशी आहेत. ज्या वर्गात त्या उभ्या राहिल्या होत्या, त्याच्याच भिंतीला ती चूल लागून आहे.

यादीत नाव नको म्हणाल्या त्या. फक्त वही पाहिजे.

मोठे बाबा, शिपायांचा अर्थ तुम्हीच मला शिकवलात. मेलेल्याच्या अंगावरचं काढून घ्यायचं आणि आठवण म्हणून मिरवायचं. आणि त्या बांधीच्या भातावर तर मीही वाढले. सुट्टीत आले की तुम्ही पहिला घास मला द्यायचात. आता ताट समोर आलं की मला तेच आठवतं. तुमची मला लाज वाटते आहे, आणि हे तुम्हाला लिहिताना रडू येतंय. खोटं कशाला सांगू?

रिता

---

वरठी,
४ जानेवारी २०२६

चि. रितास आशीर्वाद.

पंधरा दिवस उत्तर लिहिलं नाही. धर्मेंद्र कारखान्यातून आला की विचारायचा, "बाबा, तब्येत बरी नाही का?" मी मान हलवायचो. बहिऱ्या माणसाला एवढी सोय असते.

कुंता म्हणाली ते सगळं खरं आहे. मीच गेलो होतो. मीच म्हणालो होतो. शकुनवर ढकललं, कारण ती आता उलटून बोलणार नाही. गाव काय म्हणेल हेही पुरतं खरं नाही. गाव काहीच म्हणालं नसतं. मला हेडमास्तरांची भीती होती. नोकरी कायम व्हायची होती. एक तरी नाव कापून दाखवायचं होतं, आणि जिचं कापलं तर माझ्या दारात भांडायला कोणी येणार नाही, अशी तीच एक होती. ती उभी होती ते मी पाहिलं. पुढचं नाव घेतलं. त्या दिवशी धडा कोणता शिकवला तेही मला आठवतं.

सोबत लेख पाठवतो आहे. यातलं सगळं त्यात लिहिलं आहे, तिचं पूर्ण नाव घेऊन आणि माझं घेऊन. एक शब्दही बदलू नका. निदान या एका सुव्हेनिअरमध्ये तरी आठवण असू दे.

वहीबद्दल एक विनंती. कागद फार जुना झाला आहे, हाताळला तर तुटतो. तिची उत्तम झेरॉक्स काढून, बांधून कुंताला दिली आणि मूळ वही माझ्याजवळ राहिली तर चालेल का, विचारून बघ. शेवटपर्यंत तरी.

मोठे बाबा

---

एकोडी,
३ फेब्रुवारी २०२६

मोठे बाबा,

सोहळा झाला. सुव्हेनिअर सोबत पाठवते आहे. तुमचा लेख सतराव्या पानावर आहे. फोटो चांगला आला आहे.

वाचाल तर कळेल. शब्दाचा सगळा प्रवास त्यांनी ठेवला. तो भुपेंद्रभाऊंना फार आवडला, "भाषाशास्त्र हाय" म्हणाले. शिपायांचं वाक्य काढलं, शुभकार्यात नको म्हणून. कुंताबाईंचा भाग सगळाच गेला. त्या जागी एक ओळ आली आहे, "रोवणीच्या दिवसांतही गुरुजींनी विद्यार्थिनींची काळजी वाहिली." ती तुम्ही लिहिलेली नाही, मीही नाही. पण खाली नाव तुमचं आहे.

मी भांडले. भुपेंद्रभाऊ म्हणाले, "रिता बाई, गुरुजीचं वय झालं, त्यायले काही बी आठवते. शाळेची अब्रू पाहा. अन् तुमची फाइल बी माह्याच टेबलावर हाय." माझी नोकरी कायम व्हायची आहे, तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या प्रुफावर संपादकाची सही लागते. ती मी केली. तुमची लाज वाटते असं मी लिहिलं होतं, ते वाक्य तुमच्याजवळ असेल तर खोडून टाका.

आणि हो, कुंताबाईंचं नाव आलं आहे. अगदी शेवटच्या पानावर, मांडववाल्याच्या आणि लाउडस्पीकरवाल्याच्या खाली. स्वयंपाक : कुंताबाई व इतर.

तुम्ही आला नाहीत ते बरं केलंत. तुमच्या नावाचा पुकारा झाला आणि टाळ्या वाजल्या, तेव्हा त्या आठशे माणसांचा भात उतरवत होत्या.

झेरॉक्सचं मी त्यांना विचारलं नाही. विचारणारही नाही. वही पाठवा.

रिता

---

वरठी,
९ फेब्रुवारी २०२६

श्रीमती कुंताबाई यांस,

रिताच्या हाती तुमची वही पाठवत आहे. ती सेहेचाळीस वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती.

वेष्टनावर तुमच्या नावावर मी एक चिठ्ठी चिकटवली होती, "नमुना वही" अशी. साहेबांनी ही पोरगी कुठे आहे असं विचारू नये म्हणून. काल ती काढायला बसलो. पाणी लावलं, हळूहळू सोडवली. पण तिच्यासोबत खालचं तुमचं नावही निघून आलं. क्षमा करा.

तुम्हाला मी कधी अहो म्हटलं नव्हतं. आज कसं लिहावं ते कळेना, म्हणून असं लिहिलं. माफी मागण्याइतकं तोंड मला राहिलेलं नाही. तरी मागतो.

तुमचा अपराधी,
ताराचंद मास्तर

---

एकोडी,
१८ फेब्रुवारी २०२६

गुरुजीस कुंताचा नमस्कार.

वही भेटली. हे पत्र मीच लिवून राहिली आहे, कोनाकडून लिवून घेतलं नाही. चुका दिसल्या तं लाल शाई लावू नका.

वरचं नाव फाटलं त्याचा घोर करू नका. आतमंदी अक्षर माहं हाय, मले वळखू येते. चौदा जुलैच्या पुढची पानं कोरी हायेत. एवढे वरस तुमी वही सांभाळली पण त्या पानाईवर कोनाले लिवाले देलं नाही. त्यातलंच एक पान फाडून हे लिवलं. पिवळं झालं पण शाई फुटत नाही.

ते पुस्तक बी पाहिलं. माह्या नावाच्या पुढं व इतर लिवलं हाय. इतर म्हणजे मंदाबाई, माह्यासंगं भात मांडते ते. तिले लय वाईट वाटलं.

रिता बाईनं तुमचा शब्द समजावून देला, खालून वर येते तो. मले लवकर समजला. चिखलातून पाय उपसला का त्या जागी पाणी वर येते, तसं. तुमाले ते म्हातारपणी आलं. माह्या दारासमोरून पोरी दफ्तर घेऊन जातेत, मले रोजच येते. त्याच्यासाठी मले पुस्तक नाही लागलं.

माफ कर म्हणून लिवलं. मी लबाड बोलत नाही गुरुजी, मले जमत नाही. उगाच हाव म्हणून काय करू? रिता बाईले बी मी काही म्हणली नाही. ते लेकरू भेलं. तुमी बी हेडमास्तरले भेले होते, रिता बाईनं सांगतलं. भेले सारे, अन् शाळा सुटली माही.

मले तुमच्याकडून आता काही नाही पाहिजे. एक तेवढं दुरुस्त करा, कागदावर नाही तं मनात करा. तिथं लिवलं हाय, सतत गैरहजर. मी गैरहजर नव्हती. सोळाही दिवस हजर होती, तुमच्याच बांधीत, कंबर वाकवून. तुमी काठच्या धुऱ्यावर छत्री धरून उभे होते. तुमी पाहून राहिले होते.

कुंता